कोडोली-पन्हाळा भागातली जुनी चर्च, किल्ला, देवळं : दोन-तीन दिवसांत कशी बसवायची?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुक्काम कोडोलीजवळच्या खेड्यात आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईचे सहा पाहुणे येणार आहेत. त्यात एक सत्तरीच्या मावशी आहेत, गुडघ्याचा त्रास आहे, आणि दोन शाळकरी पोरं. एका पाहुण्यांना जुन्या दगडी चर्चची आणि मिशनच्या इमारतींची फार आवड, बाकीच्यांना किल्ला आणि देवळं. सात सीटची गाडी आहे. शनिवार-रविवार हातात धरलाय, गरज पडली तर सोमवार जोडता येईल.

विचारायचं ते असं. पन्हाळा कुठून सुरू करावा म्हणजे मावशींची पायपीट कमी होईल आणि तरी नीट बघून होईल? चर्च आतून बघायला कधी मिळतात, कुणाला विचारायचं? खिद्रापूर आणि पन्हाळा एका दिवसात होतं का? आणि आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे एक कोरीव दगड उभा आहे, खाली लढाई, मध्ये बायका, वर पिंड. पोरांना तो कसा समजावून सांगायचा?

मंदिर-किल्ल्याची नुसती यादी नको, ती कुठेही मिळते. काय आधी, काय नंतर आणि का, ते सांगा.

---

तटबंदी

पहिली गोष्ट, शनिवार-रविवार सोडा आणि रविवार-सोमवार धरा. चर्च आतून बघायचं तर रविवारची सकाळ हवी. पण त्याच रविवारी जोतिबावर नेमाची गर्दी असते, आणि पन्हाळ्यावर सुट्टीच्या गाड्यांनी रस्ते भरतात. म्हणून रविवार चर्च आणि कोल्हापूर शहराला द्या, सोमवार पन्हाळा-जोतिबाला. यात एकच मेख आहे. कोल्हापुरातलं टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा ते रविवारीच उरकायला हवं.

आता पन्हाळा. लोक वर पोचले की समोर जे दिसेल तिथून सुरू करतात आणि दुपारी 'तीन दरवाजा' नावाच्या वेशीपाशी दमून बसतात. किल्ला उन्हाच्या मागोमाग बघा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे.

सकाळी लवकर वर या आणि थेट सज्जा कोठी गाठा. ही इमारत पूर्वेच्या कड्यावर आहे. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर येतं, आणि डिसेंबरात धुकं विरलं की खालचा मुलूख आणि जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसतो. दुपारी त्याच बाजूला नुसती धूसर हवा असते. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आहे, मावशींना खालूनच बघू द्या.

तिथून अंबरखाना. हा भाग चढत्या उन्हातही बघण्याजोगा, कारण आत सावली असते. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन धान्यकोठारं आहेत आणि गंगा कोठी सगळ्यांत मोठी. तिची साठवण २५,००० खंडी (धान्य मोजायचं जुनं माप) सांगतात. पोरांना आत उभं करून छताकडे बघायला लावा. प्रत्येक घुमटाच्या माथ्याला भोक आहे. धान्य दारातून आत वाहून न्यायचं नाही, बाहेरच्या जिन्याने पोती वर चढवायची आणि त्या भोकांतून आत ओतायची. म्हणूनच भिंती एवढ्या जाड आहेत, नुसता शत्रू अडवायला नव्हे, आतल्या धान्याचा बाहेरच्या बाजूला येणारा रेटा सोसायलाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला. गडावरच्या माणसांनी तो कशावर काढला असेल, याचं उत्तर या कोठारांत आहे. हे पोरांना इथे उभं राहूनच सांगा, वाचून कळत नाही.

दुपारी जेवण आणि मावशींना विश्रांती. चारच्या सुमारास तीन दरवाजा. तो पश्चिमेला आहे, सकाळी त्याचं बाहेरचं तोंड सावलीत असतं आणि कोरीवकाम सपाट दिसतं. उतरतं ऊन तिरकं पडलं की कमानीवरची नक्षी, गणपती, वेलबुट्टी असं सगळं उठून येतं. आतल्या बाजूला फारसी लेख आहे, तोही बघा. गाडी दरवाजापर्यंत जाते.

लगतच अंधार बाव. बाहेरून साधी दगडी इमारत वाटते. आत तीन मजले आहेत, तळाशी विहीर, वर पहारेकऱ्यांची जागा आणि तटातून बाहेर बघणाऱ्या खिडक्या. पाणी आणि त्याचा पहारा एकाच छपराखाली, म्हणजे वेढा पडला तरी पाणी हातचं जात नाही. पायऱ्या उंच आणि गुळगुळीत आहेत, आत उजेड कमी. बॅटरी घ्या. मोबाइलच्या उजेडात पायरीची कड नीट कळत नाही आणि पाय घसरतो तो तिथेच. मावशींनी आत उतरू नये.

वेळ उरला तर सूर्यास्ताला पुसाटी बुरूज. मसाई पठाराची बाजू तिथून दिसते.

मध्ये 'चार दरवाजा' उभा असेल असं समजून शोधू नका, १८४४ मध्ये इंग्रजांनी तो पाडला, अवशेषच आहेत. गडकऱ्यांनी, म्हणजे गडावरच्या शिबंदीने, केलेला १८४४ चा उठाव मोडल्यावर ही तोडफोड झाली. पडका चौथरा म्हणून दुर्लक्ष करू नका, पाहुण्यांना तिथे थांबवून हे सांगा. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले त्यांत पन्हाळा आहे, तेव्हा अमुक बघितलं, तमुक राहिलं अशी धावाधाव करण्यापेक्षा चार जागा नीट बघा.

---

घंटाघर

चर्चबद्दल लिहितो, कारण यावर चुकीची माहिती फार फिरते. कोल्हापूर भागातली चर्च म्हणजे गोव्यासारखी पोर्तुगीज असतील असं समजून लोक येतात आणि मग हिरमुसतात. इथली मुख्य परंपरा अमेरिकन मिशनची आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल गोल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मंडळाकडे गेलं. कोडोलीत त्याच मिशनचं ठाणं होतं. चर्च आणि दवाखाना ही त्याचीच परंपरा. कोल्हापुरात न्यू शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. याशिवाय शहरात ऑल सेंट्स आहे, ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं, इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या वळणाचं. एकाच दिवशी दोन्ही बघितली की फरक कळतो.

काय फरक बघायचा? प्रेस्बिटेरियन उपासनेत वचन ऐकणं मुख्य. त्यामुळे पुलपीट, म्हणजे प्रवचनाचा ओटा, ठळक असतं, मध्ये किंवा अगदी समोर, आणि प्रभुभोजनाचं (भाकर-द्राक्षरसाच्या विधीचं) साधं मेज. मूर्ती नसतात. अँग्लिकन इमारतीत वेदी मुख्य, ती शक्यतो पूर्वेच्या टोकाला, आणि पाण्याचं बाप्तिस्मा-कुंड दाराजवळ, कारण बाप्तिस्म्याने माणूस मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, प्रवेश करतो. भिंतींवर पितळी किंवा संगमरवरी स्मृतिफलक. कॅथलिक चर्च बघायचं झालं तर त्यात वेदी, मूर्ती आणि कबुलीची जागा अशी आणखी वेगळी मांडणी सापडेल.

आत जायचा रस्ता सरळ आहे. आधी दोन-तीन दिवस चर्चला जाऊन किंवा ओळखीतून पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) भेटा. "पाहुणे येणार आहेत, उपासनेला बसतील आणि नंतर इमारत बघतील, चालेल का?" एवढंच विचारा. वेळ तिथेच विचारून घ्या, कारण एकाच मंडळीच्या सकाळी दोन उपासना असू शकतात, आणि पहिली संपायची आणि दुसरी सुरू व्हायची यांच्या मध्ये अर्धा तासही मिळत नाही. दुसऱ्या उपासनेनंतर या, मग घाई नसते.

पंधरा मिनिटं आधी पोचा, मागच्या बाकांवर बसा. दाराबाहेर चपलांची रांग दिसली तर काढायच्या, नसेल तर पायात राहू द्या. गावागावांत रीत वेगळी असते. मंडळी उभी राहिली की उभं राहा. अर्पणाची थैली आली आणि द्यायचं नसेल तर पुढे सरकवा, कुणी काही म्हणत नाही. प्रभुभोजन मात्र मंडळीच्या सभासदांसाठी आहे, तेव्हा बसून राहायचं. पोरांना हे आधीच घरी सांगून ठेवा. फोटो उपासना संपल्यावर, आणि तेही विचारून. बायबल वाचत बसलेल्या आजींचा न विचारता फोटो काढणं सरळ चूक आहे.

आता इमारतीत काय बघायचं. दाराच्या एका बाजूला जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर कोनशिला असते का बघा. तिच्यावरचं साल बांधकामाचं असू शकतं किंवा दुरुस्तीचं, म्हणून शब्द पूर्ण वाचा. फक्त सालाचा फोटो काढून 'हे चर्च अमुक सालचं' असं लिहिणारे इथेच फसतात. मग छत. लाकडी कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे) मूळच्या आहेत की लोखंडी? कौलं मंगलोरी आहेत की नंतर पत्रे घातलेत? खिडक्या टोकदार कमानीच्या असतील तर भिंतीला बाहेरून दगडी टेकू आहेत का ते बघा. कमान बाजूला रेटते, तो रेटा सोसायला भिंत बाहेरून जाड केलेली असते. त्या टेकूंची खाली रुंदी जास्त आणि वर कमी, उतरती. टेप असेल तर खालची आणि वरची मापं घ्या, पोरांना हे काम फार आवडतं.

एक वाईट गोष्ट पण लिहितो, कारण ती मनाला लागते. बऱ्याच जुन्या दगडी भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत रंग चढवलेला दिसेल. मूळ बांधकाम चुन्यात असतं, आणि चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल दगडात अडकते आणि काही वर्षांनी खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा लोणा (क्षाराचा थर) येतो, दगडाचे पापुद्रे निघतात. मंडळीला वाटतं भिंतच खराब, म्हणून आणखी सिमेंट थापलं जातं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधणं हाच मार्ग आहे. तुमचे पाहुणे या विषयातले असतील तर हे पाळकांच्या कानावर जरूर घालू द्या, मात्र नम्रपणे.

दफनभूमी बघणार असाल तर आधी विचारा आणि कुठल्याही कबरीवर पाय देऊ नका. इंग्रजी नावांपेक्षा मराठीत लिहिलेल्या पाट्या जास्त बघा. इथल्या माणसांची नावं, गावं आणि वचनं त्यांवर आहेत.

---

वारणाकाठ

फार मोलाचं लिहिलंत दोघांनी. रविवार-सोमवार ठरलं. कोडोलीतल्या उपासनेनंतर कोल्हापूर करायचं म्हणतोय. शहरात दुपारी काय बसेल? आणि खिद्रापूरचं अजून कुणी सांगितलं नाही.

---

तटबंदी

रविवारी दुपारी वाइल्डर मेमोरियल आणि ऑल सेंट्स बाहेरून, विचारून मिळालं तर आतून, आणि मग टाऊन हॉल. टाऊन हॉल चर्चसोबत बघण्यात अर्थ आहे. १८७२ ते १८७६ मधली गॉथिक इमारत, मेजर चार्ल्स मॅंट यांची. टोकदार कमानी, उतरती छपरं, मनोरे हे चर्चचंच शब्दभांडार सरकारी इमारतीला लावलेलं आहे. समोरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयही त्याच काळातलं. आत वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात निघालेल्या वस्तू आहेत. समुद्रदेव पोसायडनची छोटी काशाची मूर्ती तिथलीच, ती चुकवू नका. रोमन व्यापाराचं बोट पंचगंगेकाठच्या या गावापर्यंत पोचलेलं होतं, त्याचा तो पुरावा. घाईत लोक तलवारी आणि तोफा बघून बाहेर पडतात.

जोतिबा सोमवारी, पन्हाळ्यावर चढण्याआधी किंवा उतरताना वाघबीळवरून. पुन्हा एक सूचना: पौर्णिमा आणि चैत्र यात्रेच्या आसपास गाडी वर नेणंच मुश्किल. देवळाच्या आवारातल्या दगडी कामावर गुलालाचे थर बसलेत, म्हणून कोरीवकाम शोधायचं तर माणसाच्या उंचीच्या वर बघा, तिथे हात पोचत नाहीत. परिसरात एकाहून अधिक देवळं आहेत. मुख्य मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधल्याचं सांगितलं जातं, केदारेश्वराचं १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी. पायऱ्या आहेत, मावशींसाठी आधी विचार करा.

जवळ पोहाळ्याची लेणी आहेत, खांबांचं दालन आणि भोवती खोल्या. वर्दळ कमी, पंधरा-वीस मिनिटांत होतं. लेणी बघायची सवय नसलेल्यांना एवढंच सांगा की भिंतीत कोरलेल्या या खोल्या भिक्षूंच्या राहण्याच्या होत्या.

---

शिरोळकर

खिद्रापूर पन्हाळ्यासोबत अजिबात जोडू नका. कोल्हापूरहून ते पूर्वेला साधारण ६० किलोमीटर, पन्हाळा वायव्येला २० किलोमीटर. दोन्ही एका दिवशी म्हणजे दिवसाचा बराच वेळ गाडीत जाणार आणि कोपेश्वराच्या देवळात पोचेपर्यंत उजेड वाया गेलेला असणार. मंगळवार मिळत असेल तर तो पूर्ण खिद्रापूरला द्या.

रस्ता जयसिंगपूर, नरसोबावाडी, कुरुंदवाड करून. कुरुंदवाडनंतर एसटी तुरळक आहे, स्वतःची गाडी हवीच. नरसोबाच्या वाडीला सकाळी दर्शन करून पुढे निघा. कवठाची बर्फी परतताना घ्या, आधी घेतली तर उन्हात गाडीत पाघळते.

आता देऊळ. समोरचा स्वर्गमंडप मुख्य देवळाच्या पुढे आहे. एकूण ४८ खांब, त्यांतले मधले बारा गोलाकार उभे, आणि वर छत नाही. सुमारे १३ फूट व्यासाचं वर्तुळ उघडं ठेवलंय. खाली बरोबर त्याच्या समोर गोल शिळा. वर्तुळाच्या कडेला अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांसह. इथे माणूस वर बघत उभा राहतो आणि पुढचं विसरतो, म्हणून आधी भोवताली एक फेरी मारा.

उजेडाबद्दल लोक ऐकून येतात की बाराला सूर्य बरोबर मधल्या शिळेवर पडतो. डिसेंबरात तसं होत नाही. हा भाग साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. सूर्य डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हाच मध्यान्हीला उजेडाचं वर्तुळ गोल शिळेवर उतरतं, आणि ऑगस्टात बहुधा ढग असतात. डिसेंबरात मध्यान्हीला सूर्य दक्षिणेकडे पन्नास अंशांवर असतो, त्यामुळे उजेड उत्तरेच्या खांबांकडे सरकतो. तोही बघण्यासारखा आहे, खांबांच्या कडा चमकतात. आणि मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, आपल्याकडे ती साडेबाराच्या आसपास येते. त्या वेळेला तिथे असा.

डिसेंबराचा फायदा बाहेरच्या बाजूला आहे. सूर्य दक्षिणेकडे कललेला म्हणून देवळाची दक्षिण भिंत दिवसभर उन्हात. खाली हत्तींचा पट्टा आहे, सगळे मिळून ९२ सांगतात. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेतीननंतर ऊन तिरकं आलं की प्रत्येक हत्तीची सोंड, अंगावरची झूल, त्यावरचे देव वेगवेगळे दिसतात. दुपारी बाराला तेच हत्ती सपाट होतात. उत्तर भिंत डिसेंबरात सावलीतच असते, तिथे फोटो घ्यायचे तर उजळ आकाशाचा उपयोग करा.

दक्षिण दारापाशी यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे, देवनागरी लिपी, शके ११३६, म्हणजे इसवीसनाच्या १२१३-१४ चा. देऊळ शिलाहारांच्या काळातलं, पण यादवांचं दान नोंदवलेलं आहे. इतर लेख बहुतेक कन्नड आहेत, त्यामुळे कुणी त्यांना मोडी समजू नये. कृष्णेकाठी त्या काळी मराठी-कन्नड मिसळून नांदत होते, हे दगडावर दिसतं.

आत पिंडी दोन. कोपेश्वर म्हणजे शंकर, धोपेश्वर म्हणजे विष्णू. नंदी तुम्हाला समोर दिसणार नाही. तो नदीपल्याड कर्नाटकातल्या यडूरला असल्याचं मानतात. सभामंडप अंधारा, बॅटरी लागते. मूर्तींची तोडफोड बरीच झाली आहे, पोरं विचारतील, सरळ सांगा.

पायांबद्दल एक सांगतो. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि बसाल्ट तापतो. डिसेंबरात चालतं, एप्रिल-मेत मात्र अकरानंतर पाऊल ठेववत नाही. पातळ सुती मोजे पिशवीत असू द्या. पावसाळ्यात जाऊच नका. गाव कृष्णेच्या वेढ्यात आहे, पाणी चढलं की रस्ते बंद, २०१९ आणि २०२१ च्या पुरात देवळातही पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर दगडावर गाळाचा गिलावा बसतो, तो कडक होण्याआधी साध्या पाण्याने धुवावा लागतो, तारेच्या ब्रशने खरवडला तर कोरीवकामच जातं.

मावशींसाठी: दारातून स्वर्गमंडपात यायला उंबरे आहेत, मोठे जिने नाहीत. खुर्ची घेऊन या, त्या आत बसून सगळं बघू शकतील.

मिरज जवळ असल्यामुळे एवढं सांगतो की तिथलं मिशनचं रुग्णालय विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. चर्चवाल्या पाहुण्यांना त्यात रस असेल तर परतताना तासभर थांबता येईल.

---

दगडवाचक

मारुतीच्या देवळामागचा दगड म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, वर्णनावरून शंकाच नाही. खालून वर वाचायचा, पोरांना हेच पहिल्यांदा सांगा. पान आपण वरून खाली वाचतो, इथे उलट.

सगळ्यांत खालचा कप्पा : वीर लढतोय, बहुतेक वेळा समोर घोडा किंवा गाई-गुरं. गुरं असली तर गोधन सोडवताना पडलेला वीर. मधला कप्पा : दोन्ही बाजूंना अप्सरा आणि मध्ये वीर, त्याला वर नेतायत. वरचा कप्पा : वीर पिंडीपुढे हात जोडून बसलाय, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश, आणि दोन्ही अंगांना सूर्य-चंद्र, म्हणजे सूर्यचंद्र असेतोवर याची कीर्ती राहो. पिंडीच्या जागी तीर्थंकर बसलेले असतील तर वीर जैन, आणि आपल्या भागात तसे वीरगळही सापडतात. करवीर तालुक्यात बीडच्या आसपास वीरगळ बघायला मिळतात, तिकडे वाट वाकडी केली तर चालेल.

शेजारी एखादा दगड असेल ज्यावर गाढव आणि स्त्री कोरलेली आहे, तर पोरांना तो नेमका काय आहे हे न सांगता 'दानाचा करार मोडणाऱ्याला शाप' एवढंच सांगा. तो गधेगळ असतो, त्यावर वर लेख असण्याची शक्यता मोठी.

लेख वाचता येत नसेल तर खडू, पीठ, हळद, तेल काहीही लावू नका. खडू अक्षराच्या खाचेत घुसतो आणि पावसात चिखल होऊन तिथेच राहतो. तेल धुळीला चिकटवतं. ऑइलपेंट तर सगळ्यांत वाईट, गावोगावी भक्तीने वीरगळांना शेंदरी, चंदेरी रंग दिले जातात, पण रंगाच्या थराखाली ओल अडकली की दगडाच्या पुढच्या पापुद्र्यासकट कोरीवकाम सुटून येतं. गावात हे समजावणं अवघड असतं. देवळाच्या बाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या दगडाला निदान रंगवू नका, एवढं सांगून बघा.

त्याऐवजी संध्याकाळी अंधार पडायच्या सुमारास बॅटरी दगडाच्या अगदी कडेला धरा, भिंतीला समांतर. उजेड घासून गेला की झिजलेली अक्षरंही सावलीने उठतात. बॅटरी डावीकडून, उजवीकडून आणि वरून धरून तीन फोटो काढा, कॅमेरा मात्र हलवायचा नाही. एकाच बाजूच्या उजेडात काही रेषा दिसतात, काही गायब होतात. तिन्ही फोटो समोर ठेवून वाचलं की जमतं. सोबत कोपऱ्यात मोजपट्टी ठेवा, नाहीतर दगड हातभर आहे की पुरुषभर हे नंतर कुणाला कळणार नाही.

---

गडहिंग्लजकर

पाहुण्यांना जुन्या चर्चची खरी आवड असेल तर पुढच्या वेळी दक्षिणेला या. आजरा-चंदगडच्या पट्ट्यात गोवा-सावंतवाडीशी जोडलेला कॅथलिक समाज आहे, कोकणी बोलणारा. आजऱ्यातलं रोझरी चर्च त्या परंपरेतलं. कोडोलीचं चर्च बघून इथे आलात तर घंटाघरांनी लिहिलेला फरक डोळ्यांपुढे उभा राहील.

आणि ते एकट्या चर्चसाठी नको. सामानगड वाटेत आहे, त्यावरची सात कमानींची विहीर बघाच, उतरत्या पायऱ्यांवर एकामागे एक कमान. १८४४ चा उठाव इथूनही पेटला होता. नेसरीजवळ प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे, २४ फेब्रुवारी १६७४ ची लढाई. एका दिवसात पारगडापर्यंत धावू नका, घाटात रस्ता अरुंद आहे आणि रात्री परतणं धोक्याचं. आजऱ्याला एक मुक्काम धरा.

---

घंटाघर

डिसेंबर आहे म्हणून एक आठवण. नाताळच्या आधीचे रविवार आगमनकाळाचे असतात. गायनसराव, शाळेतल्या पोरांचे कार्यक्रम आणि रंगरंगोटी सुरू असते, त्यामुळे रविवारची वेळ नेहमीपेक्षा पुढे-मागे होते आणि कधीकधी आत पाड बांधलेले असतात. आठवडाभर आधी पाळकांना विचाराच. पण दुसरीकडे त्याच दिवसांत मंडळी मोकळी आणि आनंदात असते, इमारत दाखवायला कुणीतरी सोबत येतंच. २५ तारखेच्या सकाळी मात्र इमारत बघायला जाऊ नका, तो त्यांचा सण आहे, बसायला जागाही मिळणार नाही. २६ तारखेनंतर दारं उघडी असतात आणि सजावट अजून तशीच असते.